रोटाचं माप आणि नेपाळचा पाहुणा

धुळ्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ‘भारत आणि शेजारी देश’ हे प्रकरण मला तोंडपाठ. त्यात नेपाळला दीड पान, भूतानला अर्धं. एवढं शिकवूनही माझा सर्वांत लांबचा परदेश म्हणजे सेंधवा, कारण तिथे मध्य प्रदेश लागतो. तेव्हा धुळ्याहून चोपड्याकडे, स्वतःच्या माहेरी, स्वतःच्याच गाडीने गेलेल्या बाईने प्रवासवर्णन लिहावं म्हणजे जरा अतीच. पण या श्रावणात माझ्या शेजारच्या सीटवर परदेश बसला होता, आणि पाच दिवसांत मला त्या दीड पानाची लाज वाटायला लागली.

त्या परदेशाचं नाव भीमप्रसाद. नेपाळातल्या चितवनचे, साठीच्या अलीकडे-पलीकडे, आधी शाळामास्तर आणि आता केळीबागाईतदार. आमच्या कॉलेजच्या एका ऑनलाइन चर्चेत त्यांनी हात वर केला होता आणि शुद्ध हिंदीत विचारलं होतं, “मॅडम, भारताने शेजाऱ्यांशी कसं वागावं हे तुम्ही छान सांगितलंत. शेजाऱ्यांनी भारताशी कसं वागावं, हे कुठल्या पुस्तकात आहे?” मी त्यांचा नंबर मागून घेतला. तेव्हापासून आमचं व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू झालं, आणि माझा थोरला भाऊ नाना केळीच लावतो हे कळल्यावर त्यांनी यायचं ठरवलं.

त्यांचं काम साधं होतं. त्यांच्या गावात केळीवाल्यांचा एक गट आहे. बाजारात केळी मात्र बरीचशी भारतातून येतात. आपल्याकडची बाग, कापणी, पॅकिंग शिकायला त्यांची माणसं दरवर्षी नानाच्या गावी यावीत, आणि नानाच्या गटातली माणसं तिकडे जावीत, कारण कडाक्याच्या थंडीत घड कसा वाचवायचा हे चितवनवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत घड झाडातच अडकून बसतात, हे नानाला विचारा. म्हणजे देणं-घेणं बरोबरीचं. तसा दोन्ही गटांच्या सह्यांचा कागद त्यांना हवा होता, आणि सह्या मंगळवारी व्हायच्या होत्या. निघताना त्यांच्या गटातल्या निम्म्या लोकांनी बजावलं होतं की भारताच्या दारात गेलास तर धाकटा होऊन परत येशील. बरोबरीचा कागद आणलास तरच आम्ही गटात राहू. “रिकाम्या हाताने गेलो तर गट फुटेल,” ते मला धुळ्याच्या बसस्टँडवरच म्हणाले. अजून चहासुद्धा झाला नव्हता.

शुक्रवार, पारोळा

पारोळ्याला जेवायला थांबलो. किल्ला बघू म्हटलं, पण खंदकातलं पाणी आणि कडेचं गवत बघून पाहुण्यांनी लांबूनच नमस्कार केला. हॉटेलात शेवभाजी मागवली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, तरी ताटातला कांदासुद्धा उरला नाही. मग त्यांनी खिशातून एक पुडी काढली, आचाऱ्याला बोलावलं आणि त्याच्या तळहातावर काळपट दाणे ठेवले. तो टिमूर होता, त्यांच्या डोंगरातला मिऱ्यासारखा मसाला. आचाऱ्याने एक दाणा चावला आणि त्याची जीभ बधिर झाली. पाच मिनिटं तो बिचारा तोंड उघडं ठेवून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवत फिरत होता.

मी विचारलं, पुडी का दिली? तर म्हणाले, त्याच्या तिखटाने मला रडवलं, मग माझ्याकडचंही काहीतरी त्याच्या लक्षात राहायला हवं.

शेजारच्या बाकावर एक आबा बसले होते, पांढरी टोपी, हातात बाजाराची पिशवी. नेपाळचे पाहुणे म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. “नेपाळ म्हणजे आपलंच शे,” ते म्हणाले. भीमप्रसादांनी हात जोडले, हसले. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले की ‘आपलंच’ हे ऐकलं की आमच्याकडचा माणूस आधी खिसा चाचपतो. मला राग आला. आबा इतक्या मायेने बोलले होते. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, माया खरी होती म्हणून तर हसलो. रागावणारा मोठा सोपा असतो, माया करणारा मोठा फार अवघड.

अमळनेर मागे पडलं तरी हेच चाललं होतं. छोट्या देशाने काय करायचं, ते मला असं सांगत होते जसं आपण सुनेला नव्या घरच्या रीती सांगतो. मोठ्याला नाही म्हणायचं नसतं, वेळ मागायचा असतो. एक दार दक्षिणेला, एक उत्तरेला. मीठ, गॅस, औषधं सगळं दक्षिणेच्या दाराने येतं, म्हणून तिकडे जास्त वाकायचं. पण उत्तरेचं दार नुसतं उघडं ठेवलं तरी दक्षिणेचा आवाज मऊ होतो. दार अगदी सताड उघडलं तर मात्र दोन्हीकडून वारा शिरतो. काही वर्षांपूर्वी सीमेवर ट्रक अडले होते, तेव्हा त्यांच्या शाळेत महिनोन् महिने लाकडांवर खिचडी शिजली. कोणी अडवले, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडे याचं एक उत्तर आहे, आमच्याकडे दुसरं, आणि खिचडीला मात्र धुराचा वास होता. माझ्या दीड पानात त्या खिचडीचा उल्लेख नव्हता.

शनिवार, माहेरी

आमचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. रात्री चोपड्याला मुक्काम करून सकाळी पोचलो. नानाने स्वागताला सगळी भाऊबंदकी गोळा केली होती. टोपी, उपरणं, नारळ तयार. पण नानाने टोपी उचलायच्या आत भीमप्रसादांनी पिशवीतून त्यांची रंगीत नेपाळी ढाका टोपी काढून नानाच्या डोक्यावर ठेवली. नाना गांगरला. मग त्याने आपली पांढरी टोपी त्यांना घातली. दोघे एकमेकांच्या टोप्यांत उभे राहिले आणि पोरांनी फोटो काढले. मला गंमत वाटली; आता कळतं, ते गंमत करत नव्हते.

दुपारी बागेत गेलो. आदल्या रात्रीच्या पावसाने काळी माती लोण्यासारखी झाली होती. भीमप्रसादांची उजवी चप्पल तिने गिळली ती गिळलीच. नानाने कोपरापर्यंत हात घालून ती काढली आणि स्वतः पाटाच्या पाण्यात धुऊन दिली. गावच्या सगळ्यात मोठ्या बागाईतदाराने परक्याची चप्पल धुतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. नाना असाच आहे. देताना त्याचा हात कोणाला धरवत नाही. फक्त कोणाला काय द्यायचं, हेही तोच ठरवतो.

संध्याकाळी कानबाईच्या रोटाचे गहू मोजायचे होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. रविवारी पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, म्हणजे लाल भोपळ्याची. हे जेवण कोणालाही. रोट मात्र वेगळे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाचं एकेक माप घालायचं, त्याचं पीठ, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, आणि ते खायचे फक्त त्या कुळाच्या माणसांनी. आमच्या घरी तर लग्न झालेल्या लेकीलाही रोट नाही. मी त्या घरात जन्मले, पण माझ्या वाट्याला खीर आणि गंगाफळ.

वहिनी माप घेऊन बसली होती आणि नाना एकेक नाव घेत होता. सुभाषचं नाव आलं तेव्हा त्याचा आवाज जरा खाली गेला. सुभाष आमचा धाकटा. त्याला जमिनीच्या वाटणीचा कागद हवा होता. नाना म्हणाला, भावा-भावांत कागद कसला, सगळं तुझंच आहे. सुभाष रुसला, बायकोपोरं घेऊन सुरतेला गेला आणि सहा वर्षांत कानबाईला आला नाही. त्याचं माप मात्र दरवर्षी पडतं.

नावं संपली. वहिनी उठणार तेवढ्यात नाना म्हणाला, “थांब. आखो एक माप टाक. भीमभाऊनं. आजपाईन हाऊ आम्हना धाकला भाऊ शे.”

खोलीत एकदम कुजबुज झाली. आजपासून हा आपला धाकटा भाऊ, असं म्हणून परक्याच्या नावाचं माप कधी पडलं नव्हतं. दोन चुलतभाऊ काहीतरी म्हणायला गेले, नानाने हाताने थांबवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखलंही. पाहुण्याला हे काय चाललंय ते मीच समजावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी विचारलं, ज्याचं माप पडतं त्याला काय करावं लागतं? मी सांगितलं: सुखदुःखात यायचं, सुतक पाळायचं, थोरला बोलला की धाकट्याने पुढे बोलायचं नाही. आणि मंगळवारचा कागद, असं त्यांनी विचारलं. मी तो प्रश्न नानाला विचारला, आणि नाना मनापासून हसला.

“आते कागद कसाले? भाऊ-भाऊमा कागद ऱ्हास का?”

रविवार, कानबाईचा दिवस

सकाळी भीमप्रसाद अंगणात फेऱ्या मारत होते. हो म्हणावं तर कागद गेला, कागद गेला की गट फुटला. नाही म्हणावं तर भर भाऊबंदकीत नानाचा आणि वर देवीचा अपमान. एकतीस वर्षं परराष्ट्रधोरण शिकवलेल्या बाईने यावर काय तोडगा काढला? मी म्हटलं, पोट बिघडलं म्हणून सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नापास झाले. म्हणाले, मोठ्याचं खोटं खपतं, छोट्याचं एकदा पकडलं गेलं की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही.

मग ते वहिनीकडे गेले. हे मला सुचलं नसतं. मी नानाशी कसं बोलायचं याचा विचार करत होते आणि हा माणूस चुलीपाशी पाटावर बसून नियम विचारत होता. मी मध्ये बसून तिच्या अहिराणीचं हिंदी केलं. वहिनीने पुरण वाटता वाटता सांगितलं की माप एकदा धरलं की मोडता येत नाही. माणूस आला नाही तरी त्याच्या नावाचं घालावंच लागतं, आणि त्याच्या वाट्याचा रोट कोणीतरी घरातल्यानेच संपवावा लागतो. तिने वाटलेलं पुरण पातेल्यात काढलं. मग म्हणाली, “सुभाषभाऊना वाटाना रोट दरसाल मीच खास. गयाखाले उतरस नही.” तो रोट दरवर्षी तीच खाते आणि तो घशाखाली उतरत नाही, हे मी हिंदीत सांगितलं.

दळणाची गोणी बाहेर काढायची वेळ झाली तेव्हा सगळे ओट्यावर होते. भीमप्रसाद नानासमोर उभे राहिले. बसले नाहीत, वाकलेही नाहीत.

“नाना, तुम्ही मला घरात घेतलंत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही,” ते म्हणाले. “पण माझं घर सीमेपलीकडे आहे. ती सीमा माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. एखाद्या वर्षी मी येऊ शकणार नाही, आणि देवीपुढे माझ्या नावाचं माप माणसाशिवाय पडेल. या घरात तसं एक माप आधीच आहे. दुसरं नको. मला पाहुणाच राहू द्या. पाहुण्याला पुन्हा बोलावता येतं.”

मी भाषांतर करायची गरज नव्हती, हिंदी सगळ्यांना कळतं. नानाचा चेहरा विटेसारखा लाल झाला. एक चुलतभाऊ पुटपुटला की मापातले गहू आता गोणीतून निवडून काढायचे का. तेव्हा वहिनी आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात एक माप गहू होते. भीमभाऊंचे गहू तिने रात्री गोणीत टाकलेच नव्हते, सगळे पांगल्यावर बाजूला ठेवले होते. पाहुणा हो म्हणाला असता तर सकाळी टाकले असते, एवढंच ती म्हणाली, आणि ते गहू पुरणपोळीच्या दळणात ओतले. म्हणजे ते सगळ्या गावाने खाल्ले. या घरात चाळीस वर्षं एका मोठ्या सत्तेशेजारी राहिलेली बाई आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवार, नदीवर

कानबाई वाजतगाजत निघाली. बायकांनी रस्ताभर फुगड्या घातल्या, मीही दोन घातल्या आणि गुडघ्याने वयाची आठवण करून दिली. भीमप्रसाद मागे मागे चालत होते. त्यांच्याकडेही बायका श्रावण-भाद्रपदात असंच लाल लेऊन नदीवर नाचतात, म्हणाले. नाना पुढे होता. सकाळपासून तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. टोपी मात्र त्यांचीच घातली होती, ती काढायची त्याला आठवण राहिली नसावी किंवा धीर झाला नसावा.

परत येताना माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्हाला आपलेपणाची कदरच नाही. माझ्या भावाने तुम्हाला दिलं ते तो कोणाला देत नाही. तुम्हाला कागद मोठा वाटला.

ते थांबले. “दिदी, तुम्ही या घरात जन्मलात. तुमचं माप पडतं?”

मी नाही म्हटलं.

“तरी तुम्ही दरवर्षी येता. तुम्हाला येताना परवानगी लागत नाही, जाताना पाय अडखळत नाही. मला एवढंच हवंय.”

मला रडू आलं. माप पडत नाही म्हणून इतकी वर्षं मी मनातल्या मनात हिरमुसत होते, आणि हा माणूस माझी जागा मागत होता. मी त्यांच्यावर रागावून राहायला बघत होते, पण राग पुढे चालला नाही.

मंगळवार, मारुतीचा पार

कागदाची बैठक नानाच्या ओट्यावर नको, मारुतीच्या पारावर घेऊ, हे भीमप्रसादांनी आधीच सुचवलं होतं. पार सगळ्या गावाचा. नाना येतो की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. दहा वाजले, गटातली माणसं जमली, तंबाखू मळून झाली. भीमप्रसाद दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचे अंगठे एकमेकांवर फिरत होते, बाकी हालचाल नाही. संध्याकाळची बस गाठायची होती. मला वाटलं, गेलं सगळं.

नाना साडेदहाला आला. पारावर चढला नाही, कडेला टेकला. “वाच,” मला म्हणाला.

भीमप्रसादांनी लिहून आणलेला मसुदा मी वाचला. दरवर्षी त्यांची चार माणसं इथे, इथली चार तिथे. जेवणखाण, राहणं यजमानाकडे. कोणी कोणाच्या बागेत काय लावायचं ते सांगणार नाही, विचारलं तर सल्ला देईल. एकाला थांबायचं असेल तर त्याने एका हंगामाआधी सांगायचं, आणि दुसऱ्याने त्याचा राग धरायचा नाही. हे शेवटचं वाक्य नानाने मला पुन्हा वाचायला लावलं.

मग सह्या. कोणाची सही वर, असं एकाने विचारलं. नाना काही बोलायच्या आत भीमप्रसादांनी दोन प्रती काढल्या. एकीत तुमची वर, ती तुम्ही ठेवा. दुसरीत आमची वर, ती मी नेतो. देशादेशांत असंच करतात, मी म्हटलं. हे मात्र मला पुस्तकातून ठाऊक होतं. नानाने दोन्ही प्रती समोर ठेवून बराच वेळ पाहिल्या. म्हणजे कोणी खाली नाही, असं त्याने विचारलं. भीमप्रसाद म्हणाले, प्रत्येकाच्या घरात तोच वर.

नानाने दोन्हीवर सही केली. भीमप्रसादांनी केली. त्यांनी आपली प्रत घडी न घालता वहीत ठेवली आणि वही छातीशी धरली. माणसं उठली, चहा आला. मला वाटलं काम संपलं, मी पेन पर्समध्ये टाकलं.

नाना जागचा हलला नव्हता. “मंगल,” तो मला म्हणाला, “असाच आखो एक कागद लिख.”

“कोणाचा?”

“सुरतवालाना.”

मी पर्समधून पेन पुन्हा काढलं. जमिनीचं काय लिहू, असं विचारलं, तर निम्मी, म्हणाला, विहीर दोघांची. सुभाषने यायचं की नाही ते त्याने ठरवायचं, हेही लिही. आणि ते राग न धरायचं वाक्य, ते तसंच टाक. मी पारावर बसून दोन प्रती लिहिल्या. त्याने दोन्ही ओढून घेतल्या, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि सही केली. आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवरसुद्धा त्याने खालीच सही केली. दोन्ही प्रतींवर वरची ओळ मोकळी होती.